शहर बदलायचंय? आधी मुलांची इयत्ता बघा

आजचा भाग जरा घरगुती आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बऱ्याच घरांत एप्रिल-मे आला की एकच चर्चा सुरू होते: पोरांच्या शिक्षणासाठी गाव सोडायचं का? सोडायचं तर जायचं कुठे? गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, की थेट पुणे-हैदराबाद? ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून काढलाय. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

मी चंद्रपूरचा, तुकूमला वाढलेलो. बी.टेक. केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला स्वतःला मुलं नाहीत, मग मी कशाला यात पडलो? ताईमुळे. ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. ती, भाऊजी आणि दोन लेकरं आलापल्लीला राहत होते. भाऊजी राज्य सरकारच्या नोकरीत. तीन वर्षं झाली आणि बदली आली गडचिरोलीला. त्या वेळी भाचीची आठवी नुकतीच संपली होती आणि भाच्याची चौथी. ताईने फोनवर सांगितलं, "बाबू, तू शहरात राहतोस, तूच सांग कुठं जायचं ते."

पर्याय चार होते. एक, सगळ्यांनी गडचिरोलीला राहायचं. दोन, घर चंद्रपूरला आणि भाऊजींनी रोज अपडाऊन करायचं. तीन, ताई आणि मुलं नागपूरला, भाऊजी गडचिरोलीला, शनिवार-रविवार भेट. चार, ताई आणि मुलं माझ्याजवळ पुण्याला. नातेवाइकांची मतं पण चार, नाही, चाळीस. कोणी म्हणे नागपूरशिवाय भविष्य नाही, कोणी म्हणे पुण्याचं पाणी लागलं की पोरं हुशार होतात.

आमच्या कामात कुठलाही बदल लाइव्ह करण्याआधी एक प्रश्न विचारतात: हे बिघडलं तर मागे घेता येईल का? त्याला आम्ही रोलबॅक म्हणतो. मागे घेता येत असेल तर फार डोकं लावत नाही, करून बघतो. मागे घेता येत नसेल तर मात्र दहा वेळा तपासतो. शहर बदलताना हाच प्रश्न विचारला तर अर्धा गोंधळ कमी होतो.

भाड्याचं घर आवडलं नाही? सहा महिन्यांनी बदला. ट्यूशन जमली नाही? दुसरी लावा. गल्ली चुकली? पुढची बघा. हे सगळं रोलबॅक होतं. पण शिक्षणात काही दारं अशी आहेत की ठरावीक इयत्तेत, ठरावीक ठिकाणी असलात तरच उघडतात, आणि एकदा बंद झाली की बंद. ही दारं शहराच्या नावावर ठरत नाहीत, मुलाच्या इयत्तेवर ठरतात. म्हणून माझं म्हणणं असं: शहरांची यादी नंतर करा, आधी प्रत्येक मुलाच्या नावापुढे इयत्ता लिहा.

तिसरी ते पाचवी: नवोदयचं दार

भाच्यापासून सुरुवात करू. जवाहर नवोदय विद्यालय तुम्हाला माहीत असेल. केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावीपासून, राहणं-जेवण-पुस्तकं मोफत. गडचिरोली जिल्ह्याचं नवोदय चामोर्शी तालुक्यात घोटला आहे. चंद्रपूर जिल्ह्याचं नागभीड तालुक्यात तळोधी बाळापूरला. सहावीच्या वर्गात साधारण ८० जागा असतात आणि परीक्षा पाचवीत असताना होते. प्रत्येक मुलाला संधी एकदाच.

आता यातल्या अटी नीट ऐका, कारण शहर बदलणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो.

पहिली अट: मूल ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवी शिकतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी फॉर्म भरता येतो. पाचवीच्या मध्येच जिल्हा बदललात की पंचाईत.

दुसरी अट: किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. ग्रामीण कोण? तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेला. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत पट लागला, तर तो मुलगा शहरी उमेदवार धरला जातो.

म्हणजे बघा, भाच्याची तिसरी-चौथी आलापल्लीत झाली होती. ग्रामीण. आणि पाचवीला आपण त्याला नागपूर, चंद्रपूर किंवा अगदी गडचिरोली शहरातल्या शाळेत टाकलं असतं, तर आधीची दोन वर्षं वाया. एका वर्षासाठी. हेच शहर सहावीला बदललं असतं तर काहीच बिघडलं नसतं.

तुमच्या शाळेचं गाव ग्रामीण की शहरी हे शासनाच्या अधिसूचनेवर ठरतं. आपल्याकडे बऱ्याच तालुक्याच्या गावांना आता नगर पंचायत लागली आहे, त्यामुळे "आमचं तर खेडंच आहे" असं गृहीत धरू नका. मुख्याध्यापकांना विचारा, फॉर्मवर सही त्यांचीच लागते.

नवोदयला नववी आणि अकरावीतही रिकाम्या जागांसाठी परीक्षा होते, पण तिथे जागा मोजक्या असतात. सैनिक शाळेचं गणित वेगळं आहे. चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावरची सैनिक शाळा २०१९ मध्ये सुरू झाली. साताऱ्यानंतर महाराष्ट्रातली ही दुसरी. तिथे सहावीला आणि नववीला देशपातळीवरच्या परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि कोटा राज्याचा असतो, जिल्ह्याचा नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात कुठेही राहिलात तरी तिथे फरक पडत नाही.

आठवी ते दहावी: एकच तुकडा धरा

आता भाची. ती नववीत जाणार होती. शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात एक कामाची गोष्ट आहे: पहिली ते आठवीच्या मुलाला कुठल्याही कारणाने शाळा बदलावी लागली, तर सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा त्याला हक्क आहे. टीसी लगेच द्यायची असते, आणि टीसीला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पण हा हक्क आठवीपर्यंतच. नववीपासून तुम्ही रांगेत. जागा असेल तर मिळेल.

म्हणून नववी आणि दहावी हा एकच तुकडा समजा. जायचं तर नववीच्या सुरुवातीला जा, नाहीतर दहावीनंतर. नववी एकीकडे आणि दहावी दुसरीकडे, हे शक्यतो टाळा. सीबीएसईमध्ये तर बोर्डाची नोंदणी नववीतच होते, आणि थेट दहावीत प्रवेश ठरावीक कारणांसाठीच मिळतो.

दुसरं, एनएमएमएस. आठवीत ही परीक्षा पास झालेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकत राहिलं पाहिजे. शहरात जाऊन खासगी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत टाकलं की ही शिष्यवृत्ती थांबते. भाचीला ती लागू नव्हती, पण हा भाग ऐकणाऱ्या बऱ्याच घरांना लागू असेल. चार वर्षांचे ४८,००० रुपये होतात, हिशोबात धरा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: एका वेळी एकच मोठा बदल. भाची मराठी माध्यमात, सेमी-इंग्रजी. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. तिला पुण्यात सीबीएसई इंग्रजी शाळेत टाकायचं म्हणजे शहर नवीन, बोर्ड नवीन, माध्यम नवीन, मैत्रिणी नवीन, आणि दोन वर्षांत बोर्डाची परीक्षा. आम्ही ऑफिसात एका रात्रीत चार बदल लाइव्ह करत नाही, कारण काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं हेच कळत नाही. मुलाचे मार्क पडले तर तेच होतं. विषय कळत नाही, की भाषा कळत नाही, की करमत नाही? शोधणार कसं?

राज्य मंडळाचा एक मोठा फायदा इथे आहे. बालभारतीचं पुस्तक आलापल्लीत तेच, पुण्यात तेच. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे सहाही जिल्हे नागपूर विभागीय मंडळात येतात. बोर्ड तेच ठेवलं तर मुलाला फक्त शहर शिकावं लागतं.

आणि तारखा बघा. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. राज्य सरकारच्या बदल्या साधारण एप्रिल-मेमध्ये होतात. म्हणजे ऑर्डर हातात येईस्तोवर तिकडे दीड महिना शिकवून झालेलं असतं. राज्य मंडळाच्या शाळा बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यात उघडतात, आपल्या विदर्भात उन्हामुळे आणखी आठ-पंधरा दिवसांनी. तो वेळ आपल्या कामाचा आहे.

अकरावी-बारावी: राज्याची हद्द ओलांडण्याआधी

सिरोंचा, बल्लारपूर, राजुरा भागातली बरीच मंडळी हैदराबादकडे बघतात. साहजिक आहे. बल्लारशाहहून गाडी थेट आहे, तेलुगू कानाला ओळखीचं आहे, आणि तिकडच्या कोचिंगचं नाव आहे. पण ज्यांच्या मुलाला डॉक्टर व्हायचंय त्यांनी इथे थांबून ऐका.

महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात. त्यासाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. काही सरकारी नोकरदारांच्या मुलांना यात सवलती आहेत, पण सर्वसाधारण नियम हा. आता मुलाची बारावी हैदराबादला झाली तर इकडचा कोटा हातचा जातो. आणि तेलंगणात स्थानिक ठरायला तिथे बारावीपर्यंतची सलग चार वर्षं शिकावं लागतं. म्हणजे फक्त अकरावी-बारावीला गेलेलं पोर ना इकडचं, ना तिकडचं. उरतो तो १५ टक्क्यांचा देशपातळीचा कोटा.

तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगू सक्तीची झाली, तेही लहान मुलांच्या बाबतीत लक्षात ठेवा. आणि राज्य बदललं की एससी-एसटीचं आरक्षण आपोआप सोबत येत नाही. आपल्याकडच्या आदिवासी कुटुंबांसाठी ही बारीक गोष्ट नाही.

उलट राज्याच्या आत एक दार मोठं झालंय. अकरावीचे ऑनलाइन केंद्रीय प्रवेश आधी मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांत होते, ते २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात सुरू झाले. म्हणजे दहावी गडचिरोलीतून करून, फोनवरून फॉर्म भरून, मार्कांवर नागपूरचं कॉलेज मागता येतं. शाळेच्या स्वतःच्या मुलांसाठी असलेला थोडा इनहाउस कोटा सोडला, तर "अकरावी नागपूरला हवी म्हणून नववीपासूनच नागपूरला जा" या सल्ल्यात आता फार दम राहिलेला नाही.

आता शहरं, एकेक करून

इयत्ता लिहून झाल्या की मग शहरं काढा. शहराचा विचार करताना मी एक साधी पद्धत वापरली: जुलैमधला भर पावसाचा एक दिवस डोळ्यासमोर आणायचा. मूल सकाळी कसं जाईल, परत कसं येईल, ताप आला तर कोण घ्यायला जाईल.

गडचिरोली. जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला, आणि हे शहर अजून लहानच आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती. लहान असण्याचा फायदा असा की शाळा सायकलच्या अंतरावर. तोटा असा की पर्याय कमी, चांगले क्लास कमी, आणि रेल्वे अजून वडसापर्यंतच आहे. वडसा-गडचिरोली मार्गाचं काम चालू आहे. पण २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आलं, २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. दहा वर्षांपूर्वीचं गडचिरोली डोक्यात ठेवून निर्णय घेऊ नका.

चंद्रपूर. माझं गाव, म्हणून जरा स्पष्टच बोलतो. शाळा-कॉलेजं भरपूर आहेत. १९९६ पासून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, २०१५ पासून मेडिकल कॉलेज. पण सोबत २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण होते. देशात चौथा नंबर, वाईट अर्थाने. मुलाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर "चंद्रपूर" असा एक शब्द पुरत नाही, कोणता भाग ते बघा. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. इरई नदीकाठच्या सखल वस्त्यांत पुराचं पाणी येतं. आणि दुर्गापूर-ऊर्जानगरकडे घर बघत असाल तर मुलाच्या ट्यूशनची वेळ अंधारानंतरची नको. २०२२ च्या फेब्रुवारीत दुर्गापूर भागात १६ वर्षांचा मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात गेला. घाबरवायला सांगत नाही, घरमालक हे सांगत नाहीत म्हणून सांगतोय.

नागपूर. सगळं आहे. कॉलेज, क्लासेस, मोठी हॉस्पिटलं, २०१९ पासून मेट्रो. फक्त शहर मोठं आहे, त्यामुळे "नागपूरला शिकतो" म्हणजे कुठे राहतो आणि कुठे शिकतो यातलं अंतर आधी बघा. शाळा एका टोकाला आणि परवडणारं घर दुसऱ्या टोकाला असेल तर मुलाचे रोज दोन तास ऑटोत जातील.

पुणे. माझ्याजवळ. मामा म्हणून मला आवडलंच असतं. पण मी सकाळी नऊला निघतो, रात्री आठला येतो. मामा असणं आणि घरी असणं यात फरक आहे. आणि आजी-आजोबा राहिले चंद्रपूरला, मध्ये अख्खी रात्र आणि वर काही तासांचा प्रवास.

अपडाऊनचा हिशोब

चंद्रपूर-गडचिरोली अंतर मूल मार्गे साधारण ८० किलोमीटर. जाऊन-येऊन १६०. भाऊजी म्हणाले, "बरेच जण करतात की." करतात. पण मी गुणाकार केला. वर्षाला २४० कामाचे दिवस धरले तर ३८,४०० किलोमीटर. दिवसाला चार तास रस्त्यावर धरले तर ९६० तास, म्हणजे अख्खे ४० दिवस. वर्षातले ४० दिवस माणूस फक्त रस्त्यावर. त्यात चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो आणि संध्याकाळी जनावर आडवं येतं. पावसाळ्यात वैनगंगेचं काही सांगता येत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसेखुर्दचं पाणी सोडल्यावर वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोली पट्ट्यात काय झालं ते आठवत असेल.

नागपूरचा हिशोब वेगळा. एका बाजूने पावणेदोनशे किलोमीटर धरा. आठवड्यातून एकदा, वर्षाला ४५ खेपा, एका खेपेला जाऊन-येऊन आठ तास. झाले ३६० तास, १५ दिवस. रस्त्यावरचा वेळ कमी, पण बाप घरात फक्त शनिवारी-रविवारी. आणि दोन चुली: दोन भाडी, दोन गॅस, दोन लाइट बिलं.

हे आकडे तुमच्या घराचे वेगळे येतील. पण गुणाकार करा. "रोजचं काय, दोनच तास तर लागतात" हे वाक्य वर्षाने गुणलं की वेगळं दिसतं.

भाषा, आणि ताईचा रकाना

दोन गोष्टी कुठल्याच शाळेच्या जाहिरातीत नसतात. पहिली भाषा. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात आपली झाडीबोली आहे. ण चा न होतो, ळ चा र होतो. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. चंद्रपूर शहरात "काय करून राहिला" हे रोजचं. मी पुण्यात आलो तेव्हा "तुझं मराठी हिंदीसारखं आहे रे" हे मी खूप ऐकलं. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो, हसण्यावारी नेलं. चौदा वर्षांची मुलगी वर्गात बोलणंच बंद करते. घरच्यांना वाटतं शांत झाली, समजूतदार झाली. जाणार असाल तर मुलांना आधीच सांगा की आपली बोली अशुद्ध नाही, ती झाडीपट्टीची भाषा आहे, वडशाच्या नाटकांनी हजारो लोकांना रात्रभर जागवणारी. आणि नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा.

दुसरी गोष्ट ताईने सांगितली. मी सगळ्यांसाठी एक शीट केली होती, चार पर्याय आणि प्रत्येक मुलाचे मुद्दे. ताई म्हणाली, "यात एक रकाना माझा टाक." तिचं बी.एड. झालंय. नागपूरला तिला शाळेत नोकरी मिळण्याची शक्यता जास्त. पण तिथे दोन मुलं, घर, दुखणीखुपणी सगळं एकटीवर. गडचिरोलीत नोकरीची शक्यता कमी, पण घरात चार माणसं. हे तिने स्वतः तोलायचं होतं, आम्ही कोणी तिच्या वतीने नाही. बऱ्याच घरांत "मुलांसाठी आईने शहरात राहायचं" हे आधीच ठरलेलं असतं आणि आईला फक्त कळवतात.

भाचीला विचारलं तेव्हा तिचा एकच प्रश्न होता: "तिथं मी सायकलनं जाऊ शकेन का?" मी तो पण रकाना केला. चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या स्वतः कुठे जाता येणं ही साधी गोष्ट नाही.

आपण नेहमी जंगलातून शहराकडेच बघतो, पण आपल्याच भागात उलट उदाहरण आहे. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पासाठी आले. तिथे १९७६ मध्ये शाळा सुरू झाली, आणि त्यांची स्वतःची मुलं माडिया मुलांसोबत तिथेच बसली. पुढे ती डॉक्टर-इंजिनिअर झाली. प्रत्येकाने असं करावं असं नाही, प्रत्येकाला जमणारही नाही. पण लहान वयात मुलासोबत घरात कोण आहे याचं वजन शहराच्या नावापेक्षा जास्त असतं, एवढं त्यातून घेता येतं.

निघण्याआधीचे कागद

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा.

शाळा सोडल्याचा दाखला घेताना मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आधार आणि जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते तिथेच उभं राहून तपासा. दुरुस्ती जुन्या गावी सोपी, नव्या शहरातून अवघड. यूडायसचा पेन नंबर लिहून घ्या.

जातीचा दाखला आणि पडताळणीची कागदपत्रं मूळ जिल्ह्यातूनच निघतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, महसुली नोंदी, हे गाव सोडण्याआधी काढून ठेवा. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० आधीचा, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आधीचा पुरावा कामाला येतो. बारावीच्या सुट्टीत पुण्याहून येऊन हे शोधत बसण्यापेक्षा आत्ता दोन दिवस घाला.

मग ठरलं काय?

ताईच्या घरचं असं ठरलं: सगळे गडचिरोलीला. भाची शहरातल्या राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी शाळेत, नववी-दहावी एकाच ठिकाणी, सायकलने. भाचा पाचवीचं एक वर्ष शहराच्या हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत, मुख्याध्यापकांकडून ग्रामीण असल्याची खात्री करून. नवोदय लागलं तर घोट, नाही लागलं तर सहावीपासून दीदीच्या शाळेत. दोन वर्षांनी भाचीची दहावी झाली की नागपूरचा विषय पुन्हा उघडायचा, आणि तेव्हा ताईच्या नोकरीचा रकाना सगळ्यात वर असेल, हे भाऊजींनी स्वतः म्हटलं. भाच्याला रोज सोडायला-आणायला त्रास होतो, क्लासेस नागपूरसारखे नाहीत, ताईची नोकरी दोन वर्षं लांबली. काहीच फुकट मिळालं नाही. पण जे सोडलं ते दोन वर्षांनी परत मिळवता येतं, आणि जे परत मिळालं नसतं ते हातात राहिलं.

तुमच्या घरचं उत्तर वेगळं येईल. मुलगा दुसरीत आणि मुलगी सातवीत असेल तर कदाचित आजच नागपूरला जाणं योग्य ठरेल. दोघंही नववीच्या पुढे असतील तर नवोदयचा प्रश्नच नाही. म्हणून शेजाऱ्याने काय केलं ते बघू नका, त्याच्या पोरांची इयत्ता वेगळी आहे.

आज रात्री जेवण झालं की एक कागद घ्या. प्रत्येक मुलाचं नाव, पुढे येत्या जूनमधली इयत्ता. खाली दोन रकाने: मागे घेता येईल, मागे घेता येणार नाही. आई, बाप आणि मुलं, तिघांकडून भरून घ्या. शहराचं नाव त्यानंतर लिहा.

ज्यांच्या घरी ही चर्चा चालू आहे त्यांना हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि ऊन वाढलंय, पाणी पीत राहा.